धडांच्या खोलीतला रमजान

माझ्या धर्माची माझ्याशी ओळख झाली ती पन्नाशीत. करून दिली प्रशिक्षक बाईंनी, पडद्यावर चित्रं दाखवून, आणि पहिल्या रांगेत मधोमध मला बसवून. मागे अख्खा कारखाना बसला होता. बाई एकेक चित्र दाखवायच्या आणि हातातली काठी माझ्याकडे करायच्या. चित्रातल्या मालाचा नमुना हजर आहे, हवा तर बघून घ्या, असा एकूण थाट.

आमचा कारखाना पुतळ्यांचा. कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे असतात ते. एका दालनात धडं होतात, एकात डोकी, एकात पाय, आणि सगळ्यात शेवटी ते माझ्याकडे येतात. मी हात बसवतो. मनगट खोबणीत घालायचं, अर्धा पिळा द्यायचा, खट् असा आवाज आला की झालं. डोळे मी रंगवत नाही. माणसाचा चेहरा घडवणं आमच्या अब्बांना पसंत नव्हतं आणि पोट तर भरायचं होतं, तेव्हा हातापर्यंत ठीक, डोळ्यांना शिवायचं नाही, असा आम्हा बापलेकांत तह झाला होता. अब्बा गेले, तह अजून पाळतोय. म्हणून कारखान्यात मी हातवाला, आणि माझ्या समोरच्या बाकावर बसते ती डोळेवाली. ती माझ्याहून वयानं मोठी, निवृत्तीला टेकलेली, आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलली तर तो दिवस बडबडीचा.

इतकी वर्षं माझ्या धर्माचा कुणाला ताप नव्हता. दुपारी मी कोपऱ्यात चटई टाकून नमाज पढायचो, लोक वळसा घालून जायचे. रमजान लागला की फक्त पुतळ्यांना केस चढवणारा विगवाला हळहळायचा, कारण माझ्या डब्यातलं अर्धं एरवी तोच खायचा. मग मालकाला एक मोठं गिऱ्हाईक दिसलं. दुकानांची भलीमोठी साखळी होती, आणि जिथे सगळ्या धर्मांच्या माणसांना मान मिळतो अशाच कारखान्यातून माल घ्यायचा, असं त्या साखळीनं ठरवलं होतं. मालकानं कारखान्यात शोध घेतला. सगळे धर्म काही सापडले नाहीत. मी सापडलो.

मग त्यानं प्रशिक्षणासाठी ज्या बाई आणल्या, त्या वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला राग येणार आहे. त्यांनी अभ्यास मनापासून केला होता. पैगंबरसाहेबांना मक्का सोडून मदिनेला जावं लागलं, आमची कालगणना तिथून सुरू होते; ती चंद्रावर चालते, त्यामुळे रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि थंडी, पाऊस, ऊन सगळ्यातून फिरून येतो, हे त्यांनी इतकं झकास सांगितलं की मीही मान डोलावली. पाच वेळची नमाज, गरिबांसाठी जकात, ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज, एक ईद रोज्यांनंतरची, एक कुर्बानीची. सगळं बरोबर. चूक म्हणावी तर एकच होती. त्यांच्या चित्रातला मुसलमान ठणठणीत होता. मला मुतखडा झाला होता.

खडा डाव्या बाजूला होता आणि ज्यानं तो सोसलाय त्याला जास्त सांगायला नको. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसभर घोट घोट पाणी प्यायचं, तासभरही कोरडं राहायचं नाही, नाहीतर खडा अडकेल आणि मग थेट ऑपरेशन. यंदाचे रोजे विसरा म्हणाले. मी मानेनं हो म्हटलं आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. लहानपणापासून माझा रोजा चुकला नव्हता. आजाऱ्याला सूट आहे, प्रवाशाला आहे, बरं झालं की राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात, हे मला पाठ होतं. पण घरात सगळ्यांनी पहाटे उठून जेवायचं आणि दिवसभर कोरडं राहायचं, आणि आपण एकट्यानं बाटली घेऊन फिरायचं, हे पोराला जत्रेला न नेता घरी ठेवल्यासारखं वाटत होतं.

बायकोनं माझं रडगाणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सूट देणाऱ्यानं मन मोठं करून दिलीय, ती घ्यायला तू का तोंड वाकडं करतोस? अम्मी त्याच्याही पुढची. लहानपणी माठामागे लपून पाणी प्यायचास तेव्हा कुणी सूट दिली होती, असं तिनं विचारलं. पहाटे मात्र मी त्यांच्याबरोबर उठायचोच. त्या दोघी जेवायच्या, मी डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी प्यायचो, आणि निदान बसायला तरी पंक्तीत आहे, एवढंच समाधान.

तर प्रशिक्षणाच्या शेवटी बाईंनी काठी खाली ठेवली आणि घोषणा केली. नुसती माहिती घेऊन काय होतं? अनुभव घ्यायला हवा. यंदाच्या रमजानात आपल्या सहकाऱ्याला एकटं उपाशी राहू द्यायचं नाही. सगळ्या कारखान्यानं त्याच्याबरोबर रोजे ठेवायचे. शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाइकाची मंडळी येतील आणि मावळतीला आपल्याबरोबर रोजा सोडतील. मालकाचा चेहरा उजळला. महिनाभर उपाहारगृह बंद आणि जेवणाच्या सुट्टीतही यंत्रं चालू, हा हिशोब त्याच्या डोक्यात तिथल्या तिथे झाला असणार. टाळ्या पडल्या. डोळेवालीनं तेवढा हात वर केला. तिला हे काही पटलेलं नाही, असं ती म्हणाली. बाईंनी समजावलं, सक्ती कुणावर नाही, नाही म्हणायची मोकळीक आहे. डोळेवालीनं थोडा विचार केला.

"एकदा हो म्हटलं तर मी ते पाळते," ती म्हणाली. "म्हणून विचार करत होते. हो."

तेवढं बोलून ती खाली बसली. बाकीच्यांनी हो म्हणताना विचार केला नव्हता.

मग मी उभा राहिलो आणि खरं काय ते सांगितलं. मला बरं नाही, यंदा मी रोजे ठेवणार नाही, आमच्यात आजाऱ्याला तशी सूट आहे. बाईंनी माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं की मला धडकीच भरली. त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, बघा, आपल्यामुळे इतरांना त्रास नको म्हणून हा माणूस स्वतःचा रोजा सोडायला निघालाय. याला नम्रता म्हणतात. पुन्हा टाळ्या. मी परत म्हणालो की नम्रता नव्हे, मुतखडा. तर त्या आणखी हळव्या झाल्या. मी जितकं नाही म्हणे, तितका मी त्यांच्या डोळ्यात चांगला मुसलमान होत चाललो.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांचा दाखला नेला. यात माझी अक्कल शेण खायला गेली होती, हे कबूल. बाईंनी तो वाचला, डोळे टिपले, आणि भोंग्यावरून साऱ्या कारखान्याला वाचून दाखवला. एवढं दुखणं असूनही आपला हातवाला रोजे धरतोय, तेव्हा धडधाकट माणसांनी कुरकुर करू नये. मी मालकाच्या केबिनमध्ये गेलो. त्यानं दार लावलं. सगळे तुझ्यासाठी उपाशी राहणार आणि तूच गटागटा पाणी पिणार, हे कसं दिसेल, त्याचा प्रश्न होता. गिऱ्हाईक गेलं तर इतक्या लोकांचं काय होईल याचा विचार कर. महिनाभर तर आहे. नंतर विहीर पी.

आता मी सरळ काम सोडून घरी बसायला हवं होतं, असं बायको अजून म्हणते. पण मी भिडस्त माणूस. समोरचा प्रेमानं गळा दाबत असेल तर त्याचा हात दुखेल का, याची मला काळजी. आणि अख्खा कारखाना माझ्यासाठी उपाशी राहतोय, हे ऐकून मला आतून थोडं बरंही वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

रमजान लागला आणि कारखान्यात पाण्याच्या टाकीवर पडदा आला. माझी बाटली अत्यंत आदरानं जप्त झाली. मला मोह होऊ नये म्हणून विगवाल्याला माझा रोजा-सोबती नेमलं. मी नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजू करायला गेलो की तो शेजारी उभा. चूळ भरली की थुंकेपर्यंत माझ्या गळ्याकडे टक लावून बघायचा. घाटी हलली की नाही, यावर त्याचं बारीक लक्ष. थुंकलो की खांद्यावर थाप मारायचा. सलाम करायलाही सगळे शिकले होते. सकाळी दारापासून माझ्या बाकापर्यंत जाताना मला इतक्या जणांना उत्तर द्यावं लागे की पहिला हात बसवायला उशीर व्हायचा, आणि घसा आधीच कोरडा पडायचा.

नमाजाची दिशा दाखवायला बाईंनी फरशीवर हिरवा बाण रंगवून घेतला. दिशा होकायंत्रानं काढली होती, पण ती काढली पुतळ्यांच्या लोखंडी सांगाड्यांशेजारी उभं राहून, त्यामुळे काटा भलतीकडेच लागला. बाण गेला प्रसाधनगृहाकडे. मी आपला नेहमीच्या कोपऱ्यात, नेहमीच्या दिशेला उभा राहायचो. लोकांना वाटायचं, तहानेनं बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. एकदा मी सजद्यात कपाळ टेकलं असताना दोघांनी चटईसकट मला हळूच फिरवलं आणि बाणाच्या रेषेत लावून दिलं. मी मनातल्या मनात अल्लाहची माफी मागितली आणि उठून पुन्हा सरळ झालो. त्यांनी पुन्हा फिरवलं. त्या दिवशी माझी नमाज लांबली.

पाणी मी पहिले काही दिवस प्यायलो, ते धडांच्या खोलीत. तयार धडं तिथे रांगेनं स्टँडवर उभी असतात, वरून पांढरी चादर टाकलेली. धड आतून पोकळ असतं. मी एका रुंद छातीच्या पुरुषी धडात दुसरी बाटली लपवली होती. विगवाल्याला एकीकडे गुंतवायचं, धडं मोजायच्या निमित्तानं आत शिरायचं, चादरीत डोकं घालायचं आणि घोट घ्यायचे. या वयात पुन्हा माठामागे. अम्मीला हे सांगितलं नाही, नाहीतर तिनं ईदपर्यंत चिडवलं असतं.

एके दिवशी दुपारी मी चादर उचलली आणि पलीकडच्या चादरीखालून चावण्याचा आवाज आला. मी ती उचलली. विगवाला होता. तोंडात घास, हातात डबा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोह मला होऊ नये म्हणून नेमलेला माणूस माझ्याहून आधी पोचला होता. त्यानं शपथा घेतल्या, आजच फक्त, चक्कर आली होती. मी म्हणालो, खा बाबा. दुसऱ्याचं उणं दिसलं तर झाकावं, त्यानं आपलंही झाकलं जातं, हे आम्हाला लहानपणी शिकवतात. रमजानात तर जास्तच.

पण विगवाल्याच्या पोटात अन्न राहतं, गोष्ट राहत नाही. दोन दिवसांत तिथे पायवाले आले. मग रंगकाम आलं. मग डोक्यांचा अख्खा विभाग आला, आणि त्यांनी येताना लोणचं आणलं. रमजान अर्ध्यावर आला तेव्हा दुपारी कारखान्यात शुकशुकाट आणि धडांच्या खोलीत पंगत. गंमत म्हणजे रोजे चालूच होते. बाहेर आल्यावर ही माणसं ओठ कोरडे करून फिरायची, एकमेकांना धीर द्यायची, आज किती कडक ऊन आहे म्हणायची. खोलीतलं खोलीत आणि बाहेरचं बाहेर. आपण काही चुकीचं करतोय असं कुणाच्या गावीही नव्हतं. एकानं तर मला विचारलं, ढेकर आल्यानं रोजा तुटतो का?

माझी बाटली पहिल्याच दिवशी कुणीतरी संपवली. मी दुसरी आणली, तीही गेली. मग एकदा सगळे मिळून माझ्याकडे आले आणि विनंती केली, की दुपारी मी बाहेर माझ्या बाकावर बसावं. बाई फेरी मारायला आल्या तर कुणीतरी दिसायला हवं, आणि मी बसलेलो असलो की त्यांना शंका येत नाही. तुझ्याइतका रोजेदार दुसरा कोण शोभतो इथे, असं वर म्हणाले. म्हणजे साऱ्या कारखान्यात ज्या एका माणसाला पाणी प्यायची देवाघरची परवानगी होती, तो बाहेर कोरडा बसणार, आणि ज्यांनी त्याच्यासाठी अन्न सोडलं होतं ते आत जेवणार. मला राग आला. खूप राग आला. आणि मी म्हणालो, बरं.

मी बसायचो, हात बसवायचो. समोर डोळेवाली बसायची, डोळे रंगवायची. ती खोलीकडे कधी फिरकली नाही. तिचे ओठ सालपटलेले दिसायचे. बुबुळ काढताना तिचा हात थरथरायचा, मग ती ब्रश ठेवून थोडा वेळ डोळे मिटायची. मला वाटायचं, वय झालं. एकदा मी डाव्या कुशीवर हात दाबून बसलो होतो तेव्हा ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. बोलली काही नाही. तिच्या कोट्यातली चार वाक्यं बहुधा सकाळीच संपली असावीत.

मग बाईंच्या मनात आलं की मला नमाजासाठी शांत जागा हवी. कुणीतरी सांगितलं असावं की धडांची खोली फार शांत असते. दुपारच्याच वेळी त्या मला हाताला धरून तिकडे घेऊन गेल्या. मी खोकलो, पाय आपटले, दारापाशी मोठ्यानं बिस्मिल्ला म्हटलं. आत धावाधाव ऐकू आली आणि थांबली.

दार उघडलं. खोलीत नेहमीच्या दुप्पट पुतळे होते.

आमची माणसं आयुष्यभर पुतळे घडवत आलेली. कसं उभं राहायचं, मान किती कलती, बोटं कशी सैल, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. चादरी लपेटून, गालफडात घास धरून, सगळे जागच्या जागी गोठले होते. विगवाला एक पाय पुढे टाकून दूरवर बघत होता. त्याच्यामागे, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात अर्धी पोळी, मालक उभा होता. त्याला मी त्या खोलीत पहिल्यांदाच बघत होतो.

बाई रांगेतून सावकाश फिरल्या. नवा माल किती जिवंत वाटतो, असं कौतुक केलं. विगवाल्याच्या चेहऱ्यावर बुद्धी कमी आलीय, एवढं त्यांनी सुचवलं. मालकासमोर त्या थांबल्या आणि त्याच्या पोटावर काठी टेकवून म्हणाल्या की असं पोट आता कोणत्याच दुकानात चालत नाही, हा साचा मोडीत काढायला हवा. मालकाच्या कपाळावर घाम आला, पण पापणी हलली नाही. तसा तो हाडाचा कारागीर. मग त्यांनी मला विचारलं, इथे नमाज पढाल का, की या सगळ्यांसमोर संकोच वाटेल?

रोजा नसला तरी रमजान होता, खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हणालो, "संकोच कसला, इथल्या सगळ्यांना मी ओळखतो."

बाईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते भोंग्यावर सांगितलं.

त्या दिवसापासून मालकाचं माझ्यावर प्रेम वाढलं, पण पाणी काही वाढलं नाही. मी त्याला म्हणालो, साहेब, तुम्ही आत जेवता, मला निदान बाहेर प्यायला द्या. तो म्हणाला, पाहुणे येईपर्यंत कळ काढ. कळ मी काढतच होतो, तीही डाव्या बाजूला. घरी आलो की तांब्या तोंडाला लावायचो. बायको विचारायची, दिवसा पितोस ना? मी मान हलवायचो. ती हो होती की नाही, हे मी तिच्यावर सोडायचो. एका पहाटे तिनं ताटावरून उठून मला बजावलं की आज घरीच राहा, तुझा रंग मातीसारखा झालाय. त्याच दिवशी पाहुणे येणार होते. मी म्हणालो, आजचा दिवस, उद्यापासून सुट्टी टाकतो.

पाहुणे दुपार कलल्यावर आले. चांगल्या कपड्यांतली, हळू बोलणारी माणसं. मोठ्या दालनात लांबच लांब टेबल मांडलं होतं. प्रत्येकापुढे एक खजूर, एक पाण्याचा पेला. माझी खुर्ची मधोमध, उंच, पुतळ्यांच्या चौथऱ्यावर ठेवलेली. बाईंनी पाहुण्यांना समजावलं, की सूर्य मावळेपर्यंत कुणी काही शिवणार नाही, पहिला खजूर हातवाले उचलतील, मग सगळे. पाहुण्यांनी सकाळपासून काही खाल्लं नसल्याचं अभिमानानं सांगितलं. आमच्या लोकांनीही सांगितलं. डोक्यांच्या विभागातून लोणच्याचा वास येत होता.

खिडकीतून ऊन भिंतीवर पडलं होतं. मावळायला अजून अवकाश होता. बाई माझ्याबद्दल बोलत होत्या, माझ्या दुखण्याबद्दल, माझ्या निश्चयाबद्दल. आणि खडा हलला.

मुतखड्याची कळ कशी असते हे सांगायला गेलं तर शिव्या द्याव्या लागतील, आणि रमजान आहे. मी खुर्चीवरून खाली घसरलो, गुडघ्यांवर आलो, कपाळ फरशीला टेकलं, दोन्ही हात पोटाशी. तोंडातून या अल्लाह एवढंच निघालं. बाईंनी आवाज एकदम खाली आणला आणि पाहुण्यांना कुजबुजून सांगितलं, की ही प्रार्थनेची मुद्रा आहे. एक पाहुणा खुर्चीतून उठला आणि माझ्याशेजारी तसाच वाकला. मग दुसरा. मग मालक वाकला म्हणून सगळा कारखाना वाकला. मी कण्हलो की ते कण्हायचे. मी कुशीवर वळलो, तर तेही वळले. डोळ्यातून पाणी येत होतं आणि फरशीच्या पातळीवरून मला लांबपर्यंत नुसती आडवी झालेली, पोटाशी हात धरलेली माणसं दिसत होती. त्यात विगवाला सगळ्यात जास्त तळमळत होता.

दोनच पाय उभे होते. ते माझ्याकडे चालत आले. डोळेवाली खाली बसली. तिनं माझं डोकं उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि टेबलावरचा पेला ओढला.

"पाणी पी," ती म्हणाली.

बाईंनी जमिनीवरूनच, कण्हण्याच्या मध्ये, सांगितलं की अजून वेळ झालेली नाही.

डोळेवालीनं तिकडे बघितलंही नाही. "मी महिनाभर दिवसा पाण्याचा थेंब घेतलेला नाही," ती म्हणाली. "हो म्हटलं होतं, म्हणून. तहान लागलेला माणूस कसा दिसतो, ते मला आता माहीत आहे. तुम्ही सगळे जेवलेले आहात, तुम्हाला ते दिसायचं नाही. हा माणूस पहिल्या दिवशी आजारी आहे म्हणाला होता."

पाहुण्यांपैकी एक जण हळूच उठून बसला आणि त्यानं मालकाला विचारलं, जेवलेले म्हणजे? मालक आडवाच राहिला. त्या खोलीत तो जसा गोठला होता, तसाच पुन्हा गोठला, पण या वेळी त्याच्या अंगावर चादर नव्हती.

मी पाणी प्यायलो. मी आडवाच होतो, त्यामुळे थोडं हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. पेला संपला. ती म्हणाली, अजून? मी म्हणालो, अजून. ती उठली, टाकीवरचा पडदा ओढून काढला आणि भरून आणलं. कुणीतरी गाडी बोलवायला धावलं. बाई जमिनीवर बसल्या होत्या, काठी शेजारी पडलेली, आणि माझ्याकडे पहिल्यांदाच असं बघत होत्या की मी पडद्यावर नाही, समोर आहे. त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, खरंच सूट असते? मी म्हणालो, असते बाई. आमचा देव आपल्या मालकासारखा नाही.

कळ थोडी ओसरली. डोळेवालीनं स्वतःसाठीही एक पेला भरून आणला होता. तो तिनं फरशीवर पुढ्यात ठेवला. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, एकीतून रक्त आलं होतं. एवढे दिवस मी तिच्या समोर बसत होतो आणि वय झालं म्हणत होतो. मला लाज वाटली.

"तुम्ही पण घ्या ना," मी म्हणालो. "तुमच्यावर तर याचं काहीच बंधन नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

आणि पेल्याला हात न लावता भिंतीवरचं ऊन उतरायची वाट बघत माझ्याशेजारी बसून राहिली.